राजगड, पार्किंग नंबर ७ च्या मागे : कामाच्या नोंदी

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

ऑफिसात प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची सवय लागलीये म्हणून म्हटलं यंदा किल्ल्याची पण ठेवू, कारण दरवर्षी आपण नक्की काय माती खाल्ली ते पुढच्या दिवाळीपर्यंत साफ विसरतो आणि परत तीच खातो. मंडळी अशी: मनू, वय साडेसात, मुख्य अभियंता, स्वतःच स्वतःला नेमलेली. चिकू, वय चार, कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही हीच त्याची अडचण. आजोबा सल्लागार, खुर्चीसकट. निखिल ओझी उचलायला. आजी म्हणाल्या माझं नाव त्यात घालू नकोस, मला फराळ पडलाय.

गेल्या वर्षी गॅलरीत केला होता तर महिनाभर नळीतून चिखल निघत होता, म्हणून यंदा खाली, सात नंबरच्या पार्किंगमागे पंपाच्या खोलीला लागून जो कोपरा आहे तिथे. सोसायटीतून परवानगी मिळाली पण तीन अटींवर. माती ड्रेनेजमध्ये जाता कामा नये, गाडी काढताना अडचण नको, आणि भाऊबीज झाली की आठ दिवसांत जागा साफ. तिसरी अट दरवर्षी सगळेच मोडतात, बघू.

किल्ला कुठला यावर अर्धा तास गेला. चिकूला डायनासोरचा किल्ला पाहिजे. मनूला राजगड. जुलैत महाराजांच्या काळातले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हापासून तिला ती यादी पाठ आहे, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आणि येईल त्या पाहुण्याला ती विचारते सांगा सिंहगड आहे का यादीत. नाहीये. आम्ही राहतो सिंहगड रोडला, खिडकीतून रोज तो टॉवरवाला डोंगर दिसतो आणि तोच यादीत नाही हे तिला अजून पचलेलं नाही. म्हणून राजगड, कारण तो यादीत आहे आणि सिंहगडावरून दिसतो, म्हणजे आपलाच, असं तिचं लॉजिक.

मातीचा प्रश्न निखिलने सोडवला (असं त्याला वाटलं). शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चाललंय, तिथून चार पोती काळी माती फुकट. आजोबा बघून एवढंच म्हणाले, "फुकट आहे ना, मग ठीक आहे." तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज खरं काम. सकाळी आठला खाली उतरलो, दुपारी दोनला वर आलो, मधे दोनदा पोहे खाली आले.

आजोबांची पद्धत अशी की नुसती माती रचत बसायची नाही. आधी विटांचे तुकडे, दगड, फुटकी कुंडी असं काहीबाही रचून डोंगराचा सांगाडा करायचा, मग गोणपाट पातळ चिखलात बुडवून, पिळून, त्यावर अंथरायचं. गोणपाटाला आपोआप घड्या पडतात आणि त्या वाळल्या की हुबेहूब सह्याद्रीच्या सोंडा आणि घळी दिसतात, हाताने करायला गेलात तर कधीच येणार नाहीत अशा. मग वरून घट्ट चिखलाचा लेप. माती निम्मीच लागते. ते हे सगळं शनिवार पेठेतल्या वाड्यात लहानपणी शिकले. १९६१ साली जुलैत पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, त्या दिवाळीला किल्ला केला होतात का असं मनूने विचारलं तर म्हणाले, "केला की. त्या वर्षी मातीला तोटा नव्हता." आणि मग बराच वेळ गोणपाटच सारखं करत बसले.

राजगडाचा आकार करायला अवघड आहे. मधे उंच बालेकिल्ला आणि त्याला तीन बाजूंना तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी, वरून बघितलं तर पंख्याच्या तीन पात्यांसारख्या. पद्मावती रुंद, म्हणून तिथे देऊळ, तलाव, सईबाईंची समाधी असं सगळं. संजीवनी लांबच लांब, तीन टप्प्यांत उतरत गेलेली, आणि तिला दुहेरी तटबंदी, चिलखती बुरूज, म्हणजे बुरुजाला बाहेरून अजून एक बुरूज घातलेला. मनूने हे चिकूला समजावलं, "तू बनियनवर स्वेटर घालतोस ना तसं." त्याने लगेच बनियन वर करून दाखवला.

साडेबाराला मनू नकाशाचा प्रिंट घेऊन किल्ल्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली आई, सुवेळा पूर्वेला आहे ना? आम्ही पश्चिमेला केली होती. आणि संजीवनी पूर्वेला. निखिलने कागद उलट्या बाजूने उजेडात धरून बघितला होता आणि तिथून सगळंच आरशातल्यासारखं झालं. तो म्हणे कुणाला कळणारे. मनूने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप खुरपं घेऊन बसला. मग एक माची कापून आखूड केली, दुसरी ओढून लांबवली. सुवेळेला नेढं करायचं होतं, म्हणजे कड्याला आरपार भोक असतं ते, त्यासाठी चिकूचं बोट वापरलं, अगदी बरोब्बर मापाचं आहे. त्याने बोट काढलंच नाही दहा मिनिटं. "मी नेढं आहे," म्हणाला.

पद्मावती तलावासाठी आजीच्या जुन्या कॉम्पॅक्टचा आरसा. आजीला अजून सांगितलेलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

डबा, बस, मनूची सहामाहीची शेवटून दुसरी परीक्षा, माझे दोन कॉल, चिकूच्या पॅन्टच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेलेली पाव किलो माती. मशीनचा आवाज बदलल्यावर कळलं. ऑफिसचे पांढरे शर्ट आता मातकट रंगाचे.

संध्याकाळी खाली जाऊन बघितलं तर किल्ल्याला भेगा. बारीक नव्हेत, चिकूचं बोट जाईल अशा (गेलंच). बालेकिल्ल्यापासून पद्मावतीपर्यंत एक मोठी, तिला फाटे. आजोबा खुर्चीतून म्हणाले, "फुकटची काळी." काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, तेच हे. मी म्हटलं मग शनिवारी का नाही बोललात, तर म्हणे विचारलं नाहीत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

भेगांवर उपाय. नर्सरीतून एक पोतं लाल माती, थोडी रेती, आणि आजोबांच्या सांगण्यावरून पूजेच्या दुकानातून चार गोवऱ्या, त्या भिजवून कुस्करून मिसळायच्या, त्यातल्या काड्यांमुळे माती धरून राहते. मनूने नाक धरून कालवलं, चिकूने दोन्ही हातांनी. भेगा बुजवून वरून पातळ हात फिरवला, रंग पण छान लालसर आला. हे रविवारीच केलं असतं तर, पण असो.

मग हळीव. हा आठवड्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे हे कबूल करते. काही लोक मोहरी पेरतात पण उतारावर मोहरी घरंगळते, सगळी पायथ्याशी गोळा होते. हळिवाचं तसं नाही. वाटीत पाणी घालून अर्धा तास ठेवले की प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत गोळा तयार होतो, मधे तांबडा ठिपका, थेट बेडकाच्या अंड्यांसारखं. तो चिकटा म्हणजेच गोंद, उभ्या कड्यावर थापले तरी बसतात. मनू चमच्याने लावत होती, अगदी तटाच्या कडेकडेने, एकही दाणा दरवाजावर पडू न देता. चिकू मूठ भरून फेकत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचेच जास्त चिकटले. त्याने दोन चमचे खाल्ले पण. "आई हे लाडूसारखं लागत नाही."

लाडूसारखं. तिथे माझ्या लक्षात आलं की ही पुडी कुठली. नणंदेचं बाळ दीड महिन्याचं आहे, आजींनी तिच्यासाठी ओला नारळ, गूळ आणि हळिवाचे लाडू करायचे म्हणून मुद्दाम चांगले हळीव आणून डब्यामागे ठेवले होते आणि मी मागचापुढचा विचार न करता अख्खी पुडी भिजवली. वर जाऊन सांगितलं. आजी चकलीचा सोऱ्या हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या बाळंतिणीच्या वाटणीचं डोंगराला खायला घातलंत." पुढे काही नाही बोलल्या, पण चकल्यांचा आवाज जरा मोठा यायला लागला.

चिकूला सांगून ठेवलं की बिया रुजायला पाणी लागतं, आता रोज पाणी घालायचं हे तुझं काम. ही ओळ मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

बुधवार, १५ ऑक्टोबर

त्याने घातलं.

चारचा माझा कॉल चालू होता, आजोबा खाली खुर्चीत होते आणि त्यांचा डोळा लागला, चिकू तिथेच खेळत होता. गाड्या धुणाऱ्या दादाची अर्धी भरलेली बादली नळाजवळ होती. ती त्याला उचलली कशी हा प्रश्न मी अजून विचारतेय, पण ओढत नेली असणार, फरशीवर ओघळ होता. आणि बालेकिल्ल्यावर ओतली, कारण आम्हीच त्याला सांगितलं होतं की वरून घातलेलं पाणी खाली जातं. हळिवाचा गोंद उताराला पुरतो हो, बादलीला नाही पुरत. बालेकिल्ल्याचा अर्धा माथा, पद्मावतीचा तट आणि जवळजवळ सगळी पेरणी वाहून पायथ्याशी. आरसा तेवढा जागच्या जागी, खरंच पाणी साठलेला.

साडेचारला मनूची बस आली. मला वाटलं आता भूकंप. ती काही ओरडलीच नाही. बघितलं, दप्तर उचललं, वर गेली आणि कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसली, जिथे ती चार वर्षांची असताना बसायची. आता गुडघे बाहेर येतात. चिकू दाराशी उभा राहून परत परत सांगत होता की मी पाणी घातलं, आज पण घातलं, काम केलं. त्याला शाबासकी हवी होती आणि ती कुणीच देत नव्हतं, मग तो पण रडायला लागला.

रात्री मी मनूशेजारी फटीबाहेर बसून जरा इतिहास लावून बघितला. म्हटलं, हे बघ, १६६५ ला पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, बाराच उरले, पण राजगड होता ना त्यात, तिथून सगळं परत उभं केलं. मनू म्हणाली, "ते शत्रूला दिले होते. शत्रू घरात नव्हता राहत." यावर माझ्याकडे काही नव्हतं. मग खरं ते सांगितलं, की पाणी घाल असं मीच म्हटलं होतं आणि किती ते सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प. मग, "एक वाटी. एक वाटी म्हणायचं होतंस."

आजोबा जेवताना बोलले नाहीत आणि ताक पण घेतलं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळी साडेसहाला खाली खरवडल्याचा आवाज, गॅलरीतून बघितलं तर आजोबा स्वेटर घालून एकटेच, खुर्ची बाजूला ठेवून, चक्क खाली बसून पद्मावतीचा तट बांधत होते. त्यांचे गुडघे बघता त्यांना खाली बसायला मनाई आहे. मी काही बोलले नाही, चहा नेऊन दिला. सातला मनू गेली. आठला चिकू, हातात वाटी घेऊन, रिकामी. मनूने त्याला किल्ल्यापासून दोन फरश्या लांब उभं केलं आणि खडूने रेघ मारून सांगितलं की रेघेच्या बाहेरचा पायथा तुझा, गुंजवणे गाव, तिथे तुला काय पाहिजे ते कर, वर यायचं तर माझी परवानगी. तहच तो. चिकूला फार आवडला, त्याने लगेच गावात जेसीबी नेला.

आजपासून सुट्टी म्हणून दुपारी किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं आणायला कसब्यातल्या कुंभारवाड्यात. स्वारगेटला गाडी लावून मेट्रोने गेलो, मंडई, कसबा पेठ, दोनच स्टेशनं पण अख्खी जमिनीखालून, चिकू विचारत होता हे भुयार कुणाच्या किल्ल्याचं आहे. कुंभारवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पणत्यांच्या राशी, आणि मग मावळेच मावळे, भालेवाले, तलवारवाले, तोफेजवळ बसलेले, भाजीवाली, विहिरीवर पाणी भरणारी, सिंहासनावरचे महाराज सहा इंचांपासून दीड फुटापर्यंत. तयार किल्ले पण होते, रंगवलेले, उचलून न्यायचे. निखिल त्यांच्यापुढे जरा जास्त वेळ रेंगाळला, मी ओढून नेलं.

मनूचं मोजमाप चालू होतं. मावळा बोटाएवढा असेल तर महाराज केवढे? दुकानातल्या मावशी म्हणाल्या, "बाळ, महाराज मोठेच घ्यायचे." झालं, तिथे स्केल संपलं. महाराज आता बालेकिल्ल्याच्या निम्म्या उंचीचे आहेत. दहा मावळे, दोन तोफा, एक झेंडा. चिकूला एकच वस्तू घ्यायची मुभा होती, मला वाटलं वाघ घेईल, गुहेत ठेवायला सगळी मुलं वाघच घेतात. त्याने गाय-वासरू घेतलं. का विचारलं तर म्हणाला, "गाव आहे ना."

येताना तुळशीबागेच्या बाजूने मुद्दाम वळलो आणि पाव किलो हळीव घेतले. आजींच्या हातात दिले. त्यांनी पुडी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं, माझ्यासमोर.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वसुबारस. संध्याकाळी आजींना गाय-वासराची पूजा करायची असते, पूर्वी मागच्या गल्लीतल्या गोठ्यात जायच्या, तो गोठा दोन वर्षांपूर्वी गेला, तिथे आता फर्निचरचं दुकान. पितळी गाय-वासरू नणंदेकडे दिलेलं. मग काय, सगळ्यांनी चिकूकडे बघितलं. तो तयार होईना. त्याचं गाव रिकामं पडेल. शेवटी आजीच खाली उतरल्या, आठवड्यात पहिल्यांदा, ताट घेऊन, आणि पूजा गुंजवण्यातच झाली, जेसीबीच्या शेजारी. हळद-कुंकू वासराला जरा जास्तच लागलं. आणि तिथेच वाकलेल्या असताना त्यांना पद्मावती तलाव दिसला. "हा आरसा..." एवढंच म्हणाल्या, मग त्यात बघून पदर नीट केला.

वर येऊन बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. मुलांनी गवार बाजूला काढली, निखिलने पण.

हो, आणि मुख्य नोंद राहिली. हळीव उगवले. पण कुठे, तर सगळे पायथ्याशी, बुधवारी वाहून गेले होते तिथे, दाट, गादीसारखे, पेरभर उंच, प्रत्येक देठावर दोन चिमुकली पानं. वर पद्मावतीवर विरळ दाढी, बालेकिल्ला पूर्ण टक्कल. चिकू सगळ्यांना दाखवत सुटला, माझी शेती, माझी शेती. मनू हाताची घडी घालून बघत होती, मला वाटलं आता परत फट. पण ती म्हणाली खऱ्या बालेकिल्ल्याला पण कातळच आहे, तिथे कुठे गवत उगवतं सगळीकडे, बरोबर आलंय. आणि वर जाऊन एक पाटी लिहून आणली. "गडाला पाणी घालू नये. शेतीला एक वाटी."

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. कंदील लागला, वायर अर्धा फूट कमी पडतेय, निखिल बघतोय.

सकाळी मनूने मावळ्यांची हजेरी घेतली तर नऊच. दहावा, भालेवाला, गायब. सोसायटीतली मांजर, गाड्या धुणारा दादा, चिकू, असे संशयित. चिकू शपथेवर नाही म्हणाला. अकराला मशीनमधून कपडे काढताना खळ्ळ असा आवाज आला आणि चिकूच्या पॅन्टमधून मावळा पडला. म्हणजे खिसे तपासायचे हे सोमवारी शिकून शनिवारी परत विसरले होते. भाला तुटलेला, आणि रंग सगळा गेलेला, पगडी नाही, मिशा नाहीत, डोळे नाहीत, नुसता मातीच्या रंगाचा गुळगुळीत माणूस. चिकू माझ्यामागे लपला. त्याला तो झोपताना जवळ हवा होता म्हणे.

मनूने तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, नवीन आणू वगैरे. ती काही न बोलता खाली गेली, आम्ही सगळे मागे, आणि तिने त्याला सुवेळेवर नेलं आणि नेढ्याच्या आत, अर्धा सावलीत असा टेकवून ठेवला.

"हा कोण?" आजोबांनी विचारलं.

"बहिर्जी नाईक," मनू म्हणाली. "यांना कुणी ओळखायचं नसतं."

चिकूने रेघेच्या बाहेरूनच वाकून बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, मी ओळखलं तर चालेल का. मनूने जरा विचार करून खडूची रेघ पायाने एवढीशी पुसली, एक माणूस जाईल इतकी.

वायर अजून कमीच पडतेय.